भारतीय राष्ट्रपती निवडणूक, १९६९

१९६९ची भारतीय राष्ट्रपती निवडणूक ही भारताच्या राष्ट्रपतिपदासाठी झालेली पाचवी निवडणूक होय. राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच निधन झाल्यामुळे ती मुदतीपूर्वी घ्यावी लागली. १६ ऑगस्ट १९६९ रोजी मतदान आणि २० ऑगस्ट रोजी मतमोजणी झाली. अपक्ष उमेदवार वराहगिरी वेंकट गिरी यांनी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांचा पराभव केला. स्वतंत्र पक्ष व भारतीय जनसंघ यांचा पाठिंबा लाभलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

पहिल्या पसंतीच्या मतांवर कोणासही बहुमत न मिळाल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजून निकाल लावावा लागलेली ही भारतातील एकमेव राष्ट्रपती निवडणूक आहे. त्यामुळे निकालाची किल्ली तिसऱ्या उमेदवाराच्या मतदारांकडे गेली. या निवडणुकीनंतर तीन महिन्यांच्या आत काँग्रेस पक्ष दुभंगला. निकाल वेगळा लागला असता तर काय झाले असते, हा प्रश्न म्हणूनच भारतीय राजकारणाच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरतो.

## पार्श्वभूमी

१९६७च्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेच्या ५२० पैकी २८३ जागा मिळाल्या आणि अनेक राज्यांतील सत्ता तिच्या हातून गेली. राष्ट्रपतींची निवड संसद व राज्य विधानसभांचे निर्वाचित सदस्य करीत असल्याने या घसरणीचा परिणाम निर्वाचकगणावरही झाला. त्याच वर्षी झालेल्या राष्ट्रपती निवडणुकीत झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४, तर विरोधी पक्षांचे उमेदवार माजी सरन्यायाधीश कोका सुब्बा राव यांना ३,६३,९७१ मते मिळाली होती. काँग्रेस एकसंध राहिली तरच तिचा उमेदवार निवडून येईल, अशी ही स्थिती होती.

पक्षांतर्गत मतभेद मात्र वाढत होते. एका बाजूला पंतप्रधान इंदिरा गांधी आणि दुसऱ्या बाजूला ‘सिंडिकेट’ या नावाने ओळखला जाणारा ज्येष्ठ नेत्यांचा गट होता. या गटात पक्षाध्यक्ष एस. निजलिंगप्पा, के. कामराज, मुंबईचे स. का. पाटील आदींचा समावेश होता. जुलै १९६९ मध्ये बंगळूर येथे अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन भरले असता काँग्रेस संसदीय मंडळापुढे उमेदवारीचा विषय आला. इंदिरा गांधी यांनी जगजीवन राम यांचे नाव पुढे केले. मंडळाने बहुमताने लोकसभेचे अध्यक्ष संजीव रेड्डी यांची निवड केली. तत्कालीन गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे मतही रेड्डी यांच्या बाजूने पडले.

यानंतरच्या घडामोडी वेगाने झाल्या. १६ जुलै रोजी पंतप्रधानांनी मोरारजी देसाई यांच्याकडील अर्थखाते काढून घेतले आणि देसाई यांनी उपपंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. १९ जुलै रोजी चौदा मोठ्या व्यापारी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. बँक ऑफ महाराष्ट्र ही या चौदांपैकी एक होती. वटहुकुमावर स्वाक्षरी करणारे हंगामी राष्ट्रपती गिरी यांनी दुसऱ्याच दिवशी, २० जुलै रोजी, पदत्याग करून निवडणूक लढविण्याचा मार्ग मोकळा केला.

राष्ट्रपती व उपराष्ट्रपती ही दोन्ही पदे एकाच वेळी रिक्त झाल्यास काय करावे, याची तरतूद मूळ संविधानात नव्हती. त्यासाठी मे १९६९ मध्ये संसदेने कायदा केला होता. त्यानुसार सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ या काळात राष्ट्रपतिपदाची कार्ये पार पाडली.

## उमेदवार

निवडणुकीत एकूण पंधरा उमेदवार होते. त्या वेळच्या कायद्यानुसार उमेदवारी अर्जावर एक सूचक व एक अनुमोदक पुरेसा असे. त्यामुळे ही संख्या मोठी होती.

### नीलम संजीव रेड्डी

आंध्र प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री आणि १९६७ पासून लोकसभेचे अध्यक्ष. उमेदवारीसाठी त्यांनी अध्यक्षपद सोडले. त्यांच्या उमेदवारी अर्जावर खुद्द इंदिरा गांधी यांची सूचक म्हणून स्वाक्षरी होती.

### वराहगिरी वेंकट गिरी

कामगार चळवळीतील नेते, माजी केंद्रीय श्रममंत्री, उत्तर प्रदेश, केरळ व म्हैसूर या राज्यांचे माजी राज्यपाल आणि १९६७ पासून उपराष्ट्रपती. ते अपक्ष म्हणून उभे राहिले. दोन्ही कम्युनिस्ट पक्ष तसेच द्रविड मुन्नेत्र कळघम व अकाली दल यांसारखे प्रादेशिक पक्ष त्यांच्या पाठीशी होते.

### चिंतामण द्वारकानाथ देशमुख

रायगड किल्ल्याजवळील नाते या गावी १८९६ मध्ये जन्मलेले देशमुख १९१८च्या भारतीय सनदी सेवेच्या (आय.सी.एस.) परीक्षेत पहिले आले होते. १९४३ ते १९४९ या काळात ते भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. १९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या काळात मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते.

देशमुख यांना पुढे करणारे दोन्ही पक्ष बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विरोधात होते. स्वतः देशमुख गव्हर्नर असताना, १ जानेवारी १९४९ रोजी, रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली होती आणि ते अर्थमंत्री असताना, १९५५ मध्ये, इम्पीरियल बँकेचे रूपांतर भारतीय स्टेट बँकेत झाले होते. गिरी व देशमुख हे नेहरूंच्या मंत्रिमंडळातील एकेकाळचे सहकारी. गिरी यांनी १९५४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या वेतन निवाड्याच्या प्रश्नावर, तर देशमुख यांनी दोन वर्षांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला होता. मतभेद झाल्यावर पद सोडण्याची परंपरा दोघांच्याही नावावर होती.

### इतर उमेदवार

उर्वरित बारा उमेदवारांत महाराष्ट्रातील दलित नेते पांडुरंग नथुजी राजभोज यांचा समावेश होता. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे नेते असलेले राजभोज १९५२ मध्ये सोलापुरातून लोकसभेवर निवडून गेले होते.

## निवडणूक पद्धत

संविधानाच्या अनुच्छेद ५५ नुसार राष्ट्रपतींची निवड एकल संक्रमणीय मताद्वारे व गुप्त मतदानाने होते. मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. पहिली पसंती देणे आवश्यक असते. पुढील पसंती देणे ऐच्छिक असते.

प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असते. राज्याची लोकसंख्या विधानसभेच्या निर्वाचित सदस्यसंख्येने आणि नंतर एक हजाराने भागून आमदाराच्या मताचे मूल्य काढतात. १९६१च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ३,९५,५३,७१८ होती आणि विधानसभेत २७० निर्वाचित सदस्य होते. या हिशेबाने महाराष्ट्रातील एका आमदाराचे मत १४६ मतांएवढे होते. सर्व आमदारांच्या मतांचे एकूण मूल्य निर्वाचित खासदारांमध्ये सारखे विभागून खासदाराच्या मताचे मूल्य ठरते. १९६९ मध्ये ते ५७६ होते.

वैध मतांच्या एकूण मूल्याच्या निम्म्यापेक्षा अधिक मते हा विजयाचा कोटा असतो. तो कोणी गाठला नाही, तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढील पसंतीनुसार उरलेल्या उमेदवारांकडे जातात. ज्या मतपत्रिकेवर पुढील पसंती नसते, ती मोजणीतून बाहेर पडते. अखेरीस दोनच उमेदवार उरले आणि दोघेही कोट्याखाली असले, तर त्यांतील कमी मतांचा उमेदवार बाद होऊन दुसरा निवडून येतो. पुढील आकडेमोड समजण्यासाठी हा नियम लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

## प्रचार आणि ‘सदसद्विवेकाचे मत’

कोणत्याही उमेदवाराला पहिल्याच फेरीत कोटा गाठता येईल याची खात्री नसल्याने दुसऱ्या पसंतीला महत्त्व आले. निजलिंगप्पा यांनी जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांची भेट घेऊन त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती रेड्डी यांना मिळावी, अशी विनंती केली. इंदिरा गांधी यांच्या समर्थकांनी याच भेटीला हरकत घेतली. पक्षाध्यक्षच उजव्या पक्षांशी हातमिळवणी करीत असतील, तर काँग्रेस सदस्यांनी पक्षाच्या उमेदवाराला बांधून का राहावे, असा त्यांचा सवाल होता. जगजीवन राम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी सदस्यांना मुक्तपणे मत देऊ द्यावे, अशी मागणी केली.

संसदीय पक्षनेत्या या नात्याने इंदिरा गांधी यांनी रेड्डी यांच्या बाजूने पक्षादेश काढण्याचे नाकारले. मतदानाच्या तोंडावर त्यांनी सदस्यांना सदसद्विवेकबुद्धीनुसार मत देण्याचे आवाहन केले. ज्या उमेदवाराच्या अर्जावर पंतप्रधानांची स्वाक्षरी होती, त्याच्याविरुद्ध मत देण्याची मोकळीक अशा रीतीने त्यांच्याच पक्षाच्या सदस्यांना मिळाली.

## निकाल

| उमेदवार | पहिल्या पसंतीची मते (मूल्य) | अंतिम मते (मूल्य) |
|---|---|---|
| वराहगिरी वेंकट गिरी | ४,०१,५१५ | ४,२०,०७७ |
| नीलम संजीव रेड्डी | ३,१३,५४८ | ४,०५,४२७ |
| चिंतामण द्वारकानाथ देशमुख | १,१२,७६९ | बाद |
| चंद्रदत्त सेनानी | ५,८१४ | बाद |
| गुरचरण कौर | ९४० | बाद |
| पांडुरंग नथुजी राजभोज | ८३१ | बाद |
| बाबूलाल माग | ५७६ | बाद |
| चौधरी हरिराम | १२५ | बाद |
| मनोविहारी अनिरुद्ध शर्मा | १२५ | बाद |
| खुबी राम | ९४ | बाद |
| इतर पाच उमेदवार | ० | बाद |
| एकूण | ८,३६,३३७ | ८,२५,५०४ |

कोटा ४,१८,१६९ मतांचा होता. पहिल्या पसंतीत गिरी यांना सुमारे ४८ टक्के, रेड्डी यांना ३७.५ टक्के आणि देशमुख यांना १३.५ टक्के मते मिळाली. गिरी कोट्यापासून १६,६५४ मतांनी मागे होते. बाद झालेल्या उमेदवारांच्या १,२१,२७४ मतांपैकी ९१,८७९ रेड्डी यांना आणि १८,५६२ गिरी यांना मिळाली. उरलेल्या १०,८३३ मतांवर या दोघांपैकी कोणाचीही पसंती नव्हती. गिरी यांनी कोटा केवळ १,९०८ मतांनी ओलांडला. रेड्डी यांच्यावरील त्यांची अंतिम आघाडी १४,६५० मतांची होती.

गिरी यांनी २४ ऑगस्ट १९६९ रोजी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. अपक्ष म्हणून निवडून आलेले ते एकमेव राष्ट्रपती आहेत.

## पर्यायी शक्यता

घडून गेलेल्या घटनेतील एखादा दुवा बदलला असता तर पुढे काय झाले असते, याच्या विचाराला पर्यायी इतिहास म्हणतात. कादंबरीकाराला त्यात पूर्ण मोकळीक असते; अभ्यासकाला मात्र कोणता निष्कर्ष आकड्यांवर उभा आहे आणि कोणता अनुमानावर, हे वेगळे ठेवावे लागते. १९६९च्या निवडणुकीत मतांचे आकडे उपलब्ध असल्याने काही प्रश्नांची उत्तरे निश्चितपणे देता येतात.

### दुसरी पसंती मोजलीच नसती तर

केवळ पहिल्या पसंतीच्या आधारे सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी ठरला असता, तरीही गिरीच निवडून आले असते. त्यांची आघाडी ८७,९६७ मतांची राहिली असती. दुसऱ्या पसंतीमुळे विजेता बदलला नाही, उलट त्याची आघाडी सुमारे एक षष्ठांशावर आली. ‘गिरी दुसऱ्या पसंतीमुळे जिंकले’ हे विधान त्यामुळे अपुरे आहे. दुसऱ्या पसंतीने त्यांना कोटा गाठून दिला, पण तिचा मोठा ओघ रेड्डी यांच्याकडेच होता.

### सर्वांनी पुढील पसंती लिहिली असती तर

मोजणीतून बाहेर पडलेली सर्व १०,८३३ मते रेड्डी यांना मिळाली असती, असे धरले तरी त्यांची बेरीज ४,१६,२६० होते. ती गिरी यांच्या ४,२०,०७७ पेक्षा ३,८१७ ने कमी आहे. म्हणजे पुढील पसंती न लिहिणाऱ्या मतदारांमुळे रेड्डी हरले, असे म्हणता येत नाही.

### देशमुख यांच्या मतदारांनी एकजुटीने रेड्डी यांना पसंती दिली असती तर

या प्रश्नाचे उत्तर वेगळे येते. देशमुख वगळता इतर बाद उमेदवारांची पहिल्या पसंतीची मते मिळून ८,५०५ होती. ती सर्व गिरी यांना मिळाली असे मानले, तरी गिरी यांना मिळालेल्या १८,५६२ मतांचा हिशेब पूर्ण होत नाही. उरलेली किमान १०,०५७ मते देशमुख यांना पहिली पसंती देणाऱ्या मतदारांचीच असली पाहिजेत. या मतदारांना पाठिंबादार पक्षांच्या नेतृत्वाकडून रेड्डी यांच्यासाठी विनंती झालेली असूनही त्यांनी रेड्डी यांच्याआधी गिरी यांना पसंती दिली.

अंतिम आघाडी १४,६५० मतांची असल्याने ७,३२६ मते गिरी यांच्याकडून रेड्डी यांच्याकडे वळली असती, तर निकाल फिरला असता. त्या स्थितीत रेड्डी यांना ४,१२,७५३ व गिरी यांना ४,१२,७५१ मते पडली असती. दोघेही कोट्याखाली राहिले असते, तरी वर सांगितलेल्या नियमाने रेड्डी निवडून आले असते. ७,३२६ मते म्हणजे तेरा खासदारांची किंवा महाराष्ट्रातील एक्कावन्न आमदारांची मते. देशमुख यांच्या बाजूने गिरी यांच्याकडे गेलेली किमान १०,०५७ मते या आकड्याहून अधिक आहेत. म्हणून रेड्डी यांच्या पराभवाचे मुख्य कारण काँग्रेसमधील फूट हे असले, तरी त्या फुटीनंतरही निकाल बदलण्याची ताकद तिसऱ्या उमेदवाराच्या मतदारांकडे होती, एवढे आकड्यांवरून सिद्ध होते.

### देशमुख उभेच राहिले नसते तर

देशमुख यांची सर्व मते रेड्डी यांच्या पहिल्या पसंतीत मिळवली तर बेरीज ४,२६,३१७ होते आणि ती कोट्याहून ८,१४८ ने अधिक आहे. परंतु ही बेरीज प्रत्यक्षात उतरली असती असे धरता येत नाही. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी पहिल्या पसंतीतच रेड्डी यांना उघड पाठिंबा दिला असता, तर हातमिळवणीच्या आरोपाला बळ मिळून काँग्रेसची आणखी काही मते गिरी यांच्याकडे गेली असती, ही शक्यता उरते. तिचे मोजमाप करण्याचे साधन नाही. गुप्त मतदानामुळे कोणत्या सदस्याने कोणाला मत दिले, याची नोंद राहत नाही.

### देशमुख विजयी होण्याची शक्यता

ही शक्यता जवळजवळ नव्हती. विजयासाठी देशमुख यांना आधी रेड्डी यांना मागे टाकावे लागले असते आणि त्या दोघांमध्ये २,००,७७९ मतांचे अंतर होते. देशमुख यांची उमेदवारी जिंकण्याइतकी मोठी नव्हती, मात्र विजेता ठरविण्याइतकी मोठी होती.

### जगजीवन राम उमेदवार झाले असते तर

संसदीय मंडळाने जगजीवन राम यांची निवड केली असती, तर पंतप्रधान व अधिकृत उमेदवार एकाच बाजूला आले असते आणि सदसद्विवेकाच्या मताचे आवाहन करण्याचे कारण उरले नसते. त्या वेळी सिंडिकेटची मते त्यांना मिळाली असती का, हे सांगता येत नाही. ते निवडून आले असते, तर देशाला पहिले दलित राष्ट्रपती १९६९ मध्येच लाभले असते. प्रत्यक्षात के. आर. नारायणन १९९७ मध्ये राष्ट्रपती होईपर्यंत आणखी अठ्ठावीस वर्षे जावी लागली.

### रेड्डी राष्ट्रपती झाले असते तर

या प्रश्नात राष्ट्रपतींच्या अधिकारांचा मुद्दा गुंतलेला आहे. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे, असे संविधानाच्या अनुच्छेद ७४ मध्ये १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर स्पष्टपणे नमूद झाले. १९६९ मध्ये ते संकेत व न्यायालयीन निर्णयांवर अवलंबून होते.

गिरी यांच्या कारकिर्दीतील दोन निर्णय या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. सप्टेंबर १९७० मध्ये तनखे रद्द करण्याचे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत फेटाळले गेले. त्यानंतर लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश डिसेंबरमध्ये रद्द ठरविला. २७ डिसेंबर १९७० रोजी पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून लोकसभा मुदतीपूर्वी विसर्जित झाली. पक्षफुटीनंतर इंदिरा गांधी यांच्या सरकारने लोकसभेतील स्वबळावरचे बहुमत गमावले होते. विसर्जनाऐवजी दुसऱ्या नेत्याला सरकार बनविण्याची संधी द्यावी का, हा विचार सिंडिकेटच्या पाठिंब्याने निवडून आलेल्या राष्ट्रपतींपुढे आला असता, असे मानण्यास जागा आहे.

तथापि रेड्डी यांनी काय केले असते, याचा अंदाज त्यांच्या प्रत्यक्ष कारकिर्दीवरून बांधता येतो. ते १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. ऑगस्ट १९७९ मध्ये पंतप्रधान चरण सिंग यांनी लोकसभेला एकदाही सामोरे न जाता राजीनामा देऊन लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला, तेव्हा रेड्डी यांनी तो मान्य केला. जनता पक्षाचे नेते असलेल्या जगजीवन राम यांना त्यांनी सरकार बनविण्यासाठी पाचारण केले नाही. बहुमत नसलेल्या पंतप्रधानाचा विसर्जनाचा सल्ला मानणारे रेड्डी १९७० मध्ये तो हमखास नाकारतील, हे गृहीतक त्यामुळे कमकुवत ठरते. १९७७ नंतर मात्र अनुच्छेद ७४ची भाषा बदललेली होती, हा फरकही विसरता येत नाही.

## इतर देशांशी तुलना

पक्षांतर्गत फूट आणि तिसरा उमेदवार यांच्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला वळण लागल्याची उदाहरणे अमेरिकेच्या इतिहासात आढळतात. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात, १८७२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्यावर नाराज झालेल्या रिपब्लिकनांनी ‘लिबरल रिपब्लिकन’ पक्ष काढून संपादक होरेस ग्रीली यांना उभे केले. डेमोक्रॅटिक पक्षानेही ग्रीली यांनाच उमेदवारी दिली, तर त्या निर्णयाला विरोध असलेल्या डेमोक्रॅटांनी चार्ल्स ओकॉनर यांचे नाव पुढे केले. ग्रँट मोठ्या फरकाने विजयी झाले. निर्वाचकांचे मतदान होण्यापूर्वीच ग्रीली यांचे निधन झाल्याने त्यांच्या बाजूच्या निर्वाचकांची मते विखुरली गेली. १९१२ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतंत्र पक्षाद्वारे उतरल्यामुळे रिपब्लिकन मते विभागली गेली आणि सुमारे ४२ टक्के मतांवर वुड्रो विल्सन निवडून आले.

अमेरिकेत मतदाराला पसंतीक्रम देता येत नव्हता. त्यामुळे तिसऱ्या उमेदवाराला दिलेले मत तेथेच अडकून राहिले. भारतीय पद्धतीत देशमुख यांना मिळालेली मते त्यांच्या बाद होण्याने वाया गेली नाहीत. ती पुढे सरकली आणि त्यांनीच शेवटची फेरी ठरवली.

## परिणाम

निकालानंतर काँग्रेसमधील संघर्ष उघड झाला. १२ नोव्हेंबर १९६९ रोजी इंदिरा गांधी यांना पक्षातून काढून टाकण्यात आले आणि पक्षाचे दोन तुकडे झाले. संसदीय मंडळात रेड्डी यांना मत देणारे यशवंतराव चव्हाण फुटीच्या वेळी इंदिरा गांधी यांच्या बाजूने राहिले. महाराष्ट्रातील काँग्रेसचा मुख्य प्रवाहही त्याच बाजूला गेला. मार्च १९७१च्या मध्यावधी निवडणुकीत इंदिरा गांधी यांच्या पक्षाने लोकसभेच्या ३५२ जागा जिंकल्या.

निवडणुकीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. रेड्डी यांची बदनामी करणारे एक निनावी पत्रक खासदारांमध्ये वाटले गेल्याचा मुद्दा त्यात होता. राष्ट्रपती गिरी यांनी न्यायालयात स्वतः उपस्थित राहून साक्ष दिली. पदावरील राष्ट्रपतींनी साक्षीदार म्हणून न्यायालयात येण्याचा हा अपवादात्मक प्रसंग होता. १९७० मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या.

निवडून येण्याची शक्यता नसलेल्या उमेदवारांची गर्दी टाळण्यासाठी १९७४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. उमेदवारी अर्जासाठी किमान दहा सूचक व दहा अनुमोदक आणि २,५०० रुपयांची अनामत रक्कम आवश्यक करण्यात आली. १९९७ मध्ये या अटी वाढवून पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक व १५,००० रुपये अनामत अशा करण्यात आल्या. १९६९ मध्ये उभ्या असलेल्या पंधरापैकी बहुतेक उमेदवारांना आजच्या अटींनुसार अर्जही भरता आला नसता.

देशमुख यांनी यानंतर निवडणुकीचे राजकारण केले नाही. १९७४ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

## हेसुद्धा पहा

* भारताचे राष्ट्रपती
* चिंतामण द्वारकानाथ देशमुख
* पांडुरंग नथुजी राजभोज
* बँकांचे राष्ट्रीयीकरण
* एकल संक्रमणीय मत
* संयुक्त महाराष्ट्र आंदोलन